रांजणातली ज्वारी

डोणगाव,
१८ जानेवारी १९६३

ती. दादास,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

यंदाचं संक्रांतीचं हळदीकुंकू गाजलं. गावात कोणाला किती मिळतं ते कोणी उघड बोलत नाही, असं तू नेहमी म्हणतोस ना? मी बोलले. ओसरीवर सुगडं मांडली, प्रत्येकावर खडूनं घराचं नाव लिहिलं आणि वर्षाच्या शंभर रुपये कमाईला एक मूठ, अशी ज्वारी भरली. आमच्या शेतात कापूस वेचणाऱ्या गीताबाईच्या सुगडात दोनच मुठी. आमच्या घरासाठी मात्र रांजण आणावा लागला. आधी बायका हसल्या, मग एकमेकींच्या सुगडात डोकावू लागल्या.

सुनेनं घरची कमाई ओसरीवर मांडली म्हणून मामाजींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत. गावाला कळलं, मला बरं वाटतंय.

गीताबाईची रुख्मिणी तुमच्याच गावात द्यायची ठरली आहे. होळीनंतर लग्न.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी कोकिळा

देऊळगाव राजा,
२९ जानेवारी १९६३

चि. सौ. कोकिळेस,
अनेक आशीर्वाद.

शाबास! लहानपणी बोरांच्या वाटणीवरून घर डोक्यावर घ्यायचीस, ते फुकट गेलं नाही. तुझं पत्र मी रविवारी वाचनालयात मोठ्यानं वाचलं, अगदी नावानिशी. नावाशिवाय लोकांना पटत नाही. चाळीसेक माणसं होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाजींचा राग निवळेल, तू मात्र आपला राग जेवणावर काढू नकोस.

पत्राची वाट पाहतो.

तुझा दादा,
शेषराव

डोणगाव,
११ फेब्रुवारी १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टाळ्या वाजवणाऱ्यांत रुख्मिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा काका होता. परवा निरोप आला, सोयरीक मोडली. दोन मुठींच्या घरचे आमचा मानपान काय करणार, असं म्हणाले. घरचं बरं चाललंय, असं गीताबाईनं त्यांना सांगितलं होतं. मुलीची आई आणखी काय सांगणार?

मी तिच्याकडे गेले. तिनं शेजारून साखर आणून चहा केला. मी माफी मागितली, तेव्हा खाली बघतच म्हणाली, "आमच्या घरी किती हाय ते आमाले ठाऊक होतं, बाई. तुमच्या रांजणात किती हाय, तेवढंच सांगाचं होतं."

दादा, मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. फार लाज वाटते. मामाजी मात्र पुन्हा बोलायला लागलेत. कोणाचं भलं झालं, असं हसून विचारतात. वेचणीची मजुरी वाढवा म्हटलं, तर उठून गेले.

हे पत्रही रविवारी वाचनालयात वाच. नावं फक्त तिघांची घे, मामाजींचं, माझं आणि तुझं. टाळ्या वाजवू देऊ नकोस.

रागावलेय, तरी तुझीच,
कोकिळा