धुरा फोडण्याआधी

बाबूजी, आपल्या गोठ्याच्या छपरावर आता एक मशीन बसवलंय. हवेत किरणोत्सर्ग वाढला तर ते दाखवतं. शेजारच्या देशांतल्या प्रयोगशाळा आणि आमची नागपूरची, सगळ्यांनी मिळून हे संशोधन चालवलंय. कुठल्याही अणुभट्टीत अपघात झाला, तर ज्याला आधी कळेल त्याने इतरांना लगेच कळवायचं. मी त्यात काम करते. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी झाकण उघडून दाखवायला लावलं असतं.

गावाला संशय आहेच. आपल्या वरच्या अंगाला ज्यांची भाताची बांधी, ते काका काठी टेकत आले. "खरं सांग वं पोरी, सरकार इथं काही गाडून तं नाही राहिलं?" नाही म्हटलं, पण त्यांना काही पटलं नाही. आणि मला त्यांचाच राग आला, कारण ती रोवणी मला अजून दिसते. भाताचे पऱ्हे नुकतेच लावलेत. पाणी सोडायला दोन बांध्यांमधला धुरा फोडण्याआधी वरच्याने खालच्याला हाक मारायची, हा आपला रिवाज. काका हाक न मारताच पाणी सोडतात आणि आपले पऱ्हे चिखलासकट वाहून जातात. "सांगायलेच येऊन राहिलो होतो," म्हणतात. रात्री चुलीपाशी मी बोलून जाते, पुढच्या वेळी सांगतील ते. तुम्ही ताट सरकवता. "फोडायच्या अगोदर सांगन का फोडल्यावर, हे इचारलंस काय त्याले?" काकांवरचा राग माझ्यावर निघाला, हे मला फार लागलं होतं. पण तेव्हापासून मी कुणाच्या 'सांगतो'वर विश्वास ठेवला नाही.

आमच्या बैठकीत शेजारी देशातली एक बाई म्हणाली, खात्री झाली की कळवू. मी तिला तुमचाच प्रश्न विचारला. लपवायचंय म्हणून खात्रीची ढाल करताय, असंही सुनावलं. तिने समोरचे कागद आवरले, आणि मला वाटलं, चोर पकडला.

मग सराव झाला. खोटा अपघात आमच्या बाजूला मानलेला, आणि कळवायचं होतं मी, आपल्याच अंगणातून. निरोप तयार होता. नागपूरहून साहेबांचा फोन आला, "थांबा, वरून होकार येऊ द्या." मी थांबले. चहासुद्धा घेतला. होकार आल्यावर निरोप गेला, तोवर सरावापुरती का होईना, त्या बाईच्या देशातली शाळा सुटून मुलं उघड्यावर आली होती. तिने फोन करून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच. कळवणारच होते," मी म्हणाले.

काका धुऱ्यावर उभे होते. "झालं काय सारं बराबर?"

"हो, काका." त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या वेळी सराव नसेल तर काय, हे डोक्यातून जात नाही. तिला खरं सांगावं म्हणून आज कागद घेतला, बाबूजी, आणि लिहीत बसले तुम्हाला. तुम्ही उलट विचारणार नाही, म्हणून.