डोंगरात अडकलेल्या इंजिनाबद्दल मामांस

रामवाडी, पेण
मंगळवार

तीर्थस्वरूप कमळाकरमामा यांस,

भूमिकाचा वाकून, आणि या वेळी जरा जास्तच वेळ वाकून, नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मामीने सांगितलेले तेल लावता का, की बाटली उशाशी ठेवूनच बरे वाटते? इकडे आई-बाबा ठीक आहेत. फोन सोडून पत्र का लिहिते, तर फोनवर तुम्ही मधेच प्रश्न विचारता आणि मला हे एका दमात सांगायचे आहे. आधी मुख्य गोष्ट. तुमचे इंजिन सुखरूप आहे. ते नेमके कुठे आहे हे आम्हा चौघांनाही ठाऊक आहे आणि तिथून कुणी चोरून नेईल अशी अजिबात भीती नाही. फक्त येत्या रविवारी ते बाहेर असावे अशी आमची फार इच्छा आहे.

पण त्याआधी आभार. निवृत्तीच्या दिवशी सिग्नल खात्यातल्या तुमच्या माणसांनी शाल-श्रीफळाऐवजी दिलेले ते वीतभर इंजिन तुम्ही दसऱ्याला कपाटातून काढता, त्याला झेंडूचे एक फूल वाहता आणि परत ठेवता. अक्षयदादाला, तुमच्या स्वतःच्या मुलालाही, तुम्ही ते कधी हातात दिले नाहीत. (त्याने एकदा चाक फिरवून पाहिले तेव्हा तुम्ही दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता, हे तो अजून सांगतो.) आणि ते तुम्ही मला दिलेत! भाऊबिजेला आम्ही वरसेला तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही नाक्यावर गेला होता, तरी मामीने ते करंज्यांच्या डब्यात, तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माझ्या हाती ठेवले. स्वतः द्यायला तुम्हाला जड गेले असेल हे मी समजले. लहानपणी रोह्याच्या फलाटावर बसवून तुम्ही मला लाल, पिवळा, हिरवा समजावलात. बारावीनंतर बाबा मिठागराच्या कामाला माणूस कमी पडतो म्हणत होते, तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "शिकू दे गो तिला, मीठ काय पलून जात नाय." आपल्या घरात पहिली पदवी आली ती त्या वाक्यामुळे. आज मी शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवते आणि सातवीच्या मुलांना शब्द दिला आहे की रविवारी पेण ते रोहा हा रेल्वेमार्ग त्यांना टेबलावर धावताना दाखवीन. रोज रुळाच्या बाजूने शाळेत येणाऱ्या मुलांना सिग्नल का पडतो हे कळावे, एवढीच माझी धडपड.

आमचे मंडळ तुम्हाला माहीत आहे. हमरापूरचे सखाकाका आणि पुतळीकाकू, कंपनीतला प्रणित आणि मी. गणपती गेल्यावर काकांची मूर्तींची शेड जरा मोकळी असते, तिथे आमचे टेबल मांडलेले आहे. आम्ही गाड्यांबद्दल बोलतो असे मी आईला सांगते आणि ते खरेच आहे, फक्त प्रणित आला की गाडी म्हणजे रेल्वे राहत नाही. त्याला जुनी कार घ्यायची आहे आणि डिझेल घ्यावी की सीएनजी हे त्याचे गेल्या पावसाळ्यापासून ठरत नाही. रूळ जोडता जोडता तो मायलेज सांगतो. सखाकाका म्हणतात, "आरं, आधी लगीन कर, मंग मागं बसवायला तरी कुनी असंल." यावर तो शिफ्टची वेळ झाली म्हणतो. (शिफ्ट रात्रीची असली तरी.)

पुतळीकाकूंनी फलाटासाठी बोटाएवढे चाळीस प्रवासी केले. काकू गेली तीस वर्षे गणपतीची आखणी करतात, म्हणजे डोळे रेखतात, आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताचे डोळे मागून नेतात. त्यामुळे आमच्या पेण स्टेशनवरचे सगळे प्रवासी प्रसन्न, अर्धोन्मीलित नेत्रांचे आहेत. मेमू गाडी चुकलेला माणूससुद्धा समाधानी दिसतो. स्टेशनमास्तरांचा उजवा हात आशीर्वादासाठी वर आहे. मी त्यात हिरवा झेंडा दिला, तो शोभतो.

आता डोंगर. कासू आणि नागोठण्याच्या मधे डोंगर आणि बोगदा हवा असे सखाकाकांनी ठरवले. नकाशात तिथे तसे काही नाही असे मी म्हटले, तर म्हणाले, "डोंगराबिगर आपला मुलूख कसा वाटंल?" मी बोगद्याचे माप काढले, दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची ते लिहिले, वर बाणही काढले. काकांनी कागद पाहिलाही नाही. त्यांच्या धंद्यात माप कागदावरून घेत नाहीत, वस्तूवरून घेतात. "वस्तू समोर हाय ना?" म्हणाले. त्यांनी तुमचे इंजिन रुळावर मधोमध ठेवले, पातळ प्लास्टिकमध्ये छान गुंडाळले (एक ओरखडा उठणार नाही याची त्यांनी जी काळजी घेतली ती पाहून मला भरून आले), समोरचा दिवा आणि खालची चाके तेवढी उघडी ठेवली आणि त्याच्याभोवती शाडू दाबत दाबत डोंगर उभा केला. इतका नेमका बोगदा मी कधी पाहिला नाही. मूर्तीचा साचा दोन भागांचा असतो, उघडला की मूर्ती मोकळी. डोंगर एकाच भागाचा असतो, हे आमच्या चौघांच्याही लक्षात आले नाही. त्यातून शाडू वाळला की आवळतो. पाणी उडून गेल्यावर मातीचे आकारमान घटते, हे मी त्याच आठवड्यात सातवीला शिकवले होते. मुलांना ते समजले होते.

चार दिवसांनी, डोंगर रंगवून, वर शेळ्यासुद्धा चिकटवून झाल्यावर आम्ही गाडी सोडली. म्हणजे वीज सोडली. डोंगर गुणगुणायला लागला. बोगद्याच्या तोंडात तुमच्या इंजिनाचा दिवा लागला, इतका सुंदर की पुतळीकाकूंनी हात जोडले. प्रणित "रिव्हर्स टाक, रिव्हर्स" असे ओरडला. रिव्हर्स टाकला, डोंगर उलट गुणगुणला. मग मी लगेच वीज बंद केली. मोटर जळालेली नाही, वास घेऊन खात्री केली आहे.

छिन्नीने डोंगर फोडावा असे मी सुचवले. पुतळीकाकूंनी हातातला कुंचला खाली ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. सखाकाका हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आपल्या हातचं आपन फोडत नाय. पान्यात सोडतो." चाळीस वर्षांत त्यांनी भंगलेली मूर्तीसुद्धा हातोड्याने फोडलेली नाही. मला त्यांचे पटले. आपण चुकलो म्हणून ज्यावर कुणी एवढी मेहनत घेतली त्यावर घाव घालायचा, हे काही बरे नाही. माझ्यासाठी ही माणसे आपले काम सोडून चिमुकले पूल आणि रेल्वेफाटके करत बसतात, मला "मॅडम" म्हणून चिडवतात आणि मुले येणार म्हणून शेड तीनदा झाडतात. त्यांच्यावर आणि तुमच्यावर माझे किती ऋण आहे ते पत्रात मावत नाही.

तुम्ही अजिबात काळजी करू नका आणि गुडघा दुखत असताना पेणपर्यंत यायचा त्रास तर घेऊच नका. सगळे आमच्या हातात आहे.

तुमची भाची,
भूमिका

ता. क. १: रविवारी पहिल्या मेमूने या. येण्याआधी एक कळवा, इंजिन पाण्यात बुडवले तर चालते का? शाडू दोन तासांत विरघळतो असे काका म्हणतात. तुमचे उत्तर येईपर्यंत थांबायचे ठरले आहे, पण त्यांनी पिंप धुऊन ठेवले आहे आणि काकूंनी शेळ्या काढून घेतल्या आहेत. पत्र प्रणितबरोबर पाठवते. तो सकाळी शिफ्टला जाताना वरसेला थांबेल. उत्तर त्याच्याच हाती द्या. त्याला कारबद्दल काही विचारू नका, नाहीतर ते इथे पोचणार नाही.

ता. क. २: पाकीट चिकटवत होते तोच मामीचा फोन आला. इंजिन नेल्याचे तुम्हाला अजून माहीतच नाही म्हणे! "तुजी तलमल बघवंना गो, म्हनून दिलं. पुढच्या दसऱ्यापरत कपाट कोन उघडतंय?" असे म्हणाली. मी पत्र फाडून नवे लिहिणार होते, पण वर मानलेले आभार खरे आहेत, ते मागे घेता येत नाहीत. तेव्हा मामा, ज्या मोठेपणाबद्दल मी दोन पाने आभार मानले आहेत तो तुम्ही अजून दाखवलेला नाही. तेवढा कृपया रविवारच्या आत दाखवावा.