माझ्या थराला वेळ लागत नाही

३ मे
वप्पूची, म्हणजे मे दिनाच्या जल्लोषाची, सुट्टी संपली. डोकं जड. ऑफिसात पाऊल टाकलं न टाकलं तोच योर्मा (साहेब, माझ्याहून लहान) म्हणाला, नव्या डिस्क विजेसारख्या आहेत, पण आपल्या सिस्टिममधून फाइल वाचायला घेतली की रांगतात. शेजारच्या टेबलावरच्या वेन्लाचं म्हणणं, दोष मधल्या थराचा. मधला थर म्हणजे माझा ड्रायव्हर, मी लिहिलेला प्रोग्राम. वर फाइल मागणारे, खाली डिस्क, मधे तो. येणारी प्रत्येक मागणी उघडून बघायची, ठीक आहे म्हणायचं, खाली सोडायची. बारा वर्षं इमानाने हेच करतोय. त्याला वेळ लागत नाही हे युहान्नुसच्या, म्हणजे जूनअखेरच्या सणाच्या, आत दाखव, नाहीतर काढून टाकू, असं योर्मा म्हणतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. दोन दिवसांचं काम आहे.

५ मे, सकाळी
संकल्प: सहाला उठणे. दिवसाला तीनच कॉफ्या. वेन्लाशी वाद नाही.

५ मे, दुपारी
पाचवी कॉफी. वेन्लाशी वाद. ती म्हणाली, पेंट्टी, पोस्टात प्रत्येक पाकीट फोडून बघणारा माणूस बसवलास तर पत्र उशिराच येणार ना रे? मी म्हटलं, माणूस चपळ असला तर नाही येणार. हसली. हसण्यासारखं काय होतं?

१२ मे
मोजलं. थर असताना वेग निम्मा. मशीन जुनं आहे.

१८ मे
वेळ नेमका कुठे जातो ते टिपायला माझ्या थरावर आणखी एक थर चढवला. आता वेग पाव. म्हणजे दोष वरच्या थराचा, हे सिद्ध झालं. योर्माला तसं सांगितलं. तो म्हणाला, वरचा थर कुणी लिहिला? मला बैठकीला जायचं होतं.

२९ मे, शनिवार
ठरवलं होतं, सौनात, घरच्या वाफेच्या खोलीत, ड्रायव्हरचं नाव काढायचं नाही. दगडांवर पाणी पडायच्या आत काढलं. राइली म्हणाली, काढू दे की त्यांना, तुला तर काढत नाहीत ना! बायकोला काय समजावणार. तो गेला तर बारा वर्षं मी काय करत होतो, असं कुणी विचारलं तर? तिला हे बोललो नाही. फार दमलोय.

९ जून
ऑफिसातलं नवं मशीन मोजायला मिळालं. थर चालू: पूर्ण वेग. थर बंद: पूर्ण वेग. आकडे जुळ्या भावांसारखे. मी म्हणतच होतो. पुन्हा मोजायची गरज नाही.

१० जून
ज्याचा आनंद, त्याने केक आणायचा, ही ऑफिसची रीत. स्ट्रॉबेरीचा मोठा सांगितला. वेन्लाला पहिला तुकडा द्यायचा. मन मोठं असावं.

११ जून
केक कापला. छोटंसं भाषण केलं. वेन्लाने हळूच विचारलं, कुठल्या मशीनवर मोजलंस? नव्या, म्हटलं. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, अरे, त्याच्यावर तुझा थर टाकलेलाच नाही. तू चालू-बंद काय करत होतास? मशीन ख्रिसमसला आलं तेव्हा थर टाकायचा राहून गेला, म्हणे, आणि तेव्हापासून कुणाचं काही अडलं नाही. मग योर्मा म्हणाला, केक छान आहे. सगळ्यांनी दुसरा तुकडा घेतला. खूप वाईट वाटलं.

१८ जून, सकाळी
थर काढायचं काम माझ्याच गळ्यात. त्याला तुझ्याइतकं कोण ओळखतं, असं योर्मा म्हणाला. खरंच आहे. बारा वर्षांची मुळं आहेत, चार ठिकाणी तरी मोडतोड होणारच. मग येतील धावत, परत टाक म्हणत. मी लगेच हो म्हणणार नाही.

१८ जून, संध्याकाळी
काढला. पहिल्याच फटक्यात सगळं सुरू. कुठे काही मोडलं नाही. वेग दुप्पट. योर्माने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाला, पेंट्टी, बारा वर्षांतलं तुझं हे सगळ्यात चांगलं काम.