आईच्या हाडांसाठी चिनी साल

२ फेब्रु.
आई मोरीत घसरली, डावं मनगट मोडलं. नुसता हात टेकला होता म्हणे. डॉ. म्हणाले हाडं ठिसूळ झालीत, आठवड्याला एक गोळी घ्यायची. आता हंडा सोडा, कळशीपण उचलायला भिते. आणि मी इथं दुबईत, रास अल खोरच्या गोदामात दिवसभर गोणी उचलतोय, दुसऱ्यांच्या.

४ फेब्रु.
सापडलं!! शेजारच्या गोदामात चिनी औषधं येतात, मुळ्या, साली, काय काय. मालकीण लिनमावशी, साठीची, हिंदी गोदामात शिकलेली. आईचं सांगितलं तर तिनं एक साल घेतली, कटकन मोडली. मोडली पण सुटली नाही! मधे पांढरे धागे, रेशमासारखे, ओढले की लांबतात. "हड्डी के लिए. हमारा नानी भी पीता था." मी पाचदा मोडून बघितली.

५ फेब्रु.
लिनमावशीनं आईचा रिपोर्ट फोनवर बघितला. "डॉक्टर का गोली बंद नहीं. पहले पूछो, फिर पियो." हो हो म्हटलं. खोलीतला संत्या उद्याच गावी चाललाय. यल्ला, चला! त्याच्या बॅगेत दोन किलो जागा मिळाली. साबण, खजूर नि साल. नाचायचं तेवढं बाकी.

९ फेब्रु.
घोळ. आईनं साल वाटली! आख्ख्या आळीत! दुबईचं आलं की घरटी द्यायचं, खजूर देतात तशी. "गुडघे सगळ्यांचेच दुखतात रे, एकटीनं कसं घेऊ?" वर म्हणते, गोळी बंद केली, तुझं औषध आलंय ना.
डॉ.ला विचारायचा निरोप संत्याकडे दिलेला, तो विसरला. चूक माझीच. फोन मी करायचा.
लिनमावशी आधी हसली, "माँ एक है कि पूरा गाँव?" मग असली ओरडली की आमचा फोरमन बाहेर आला. "गोली चालू! आज!"

१० फेब्रु.
गोळी सुरू. उपाशीपोटी घेतली, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, तर व्हिडिओवर ताठ बसून दाखवलं.
मग डॉ.ना विचारल्याशिवाय कुणी पिऊ नये म्हणून आई, गळ्यात प्लास्टरचा हात, दारोदार साल परत मागत फिरली. "लाज आणलीस मेल्या." सगळ्यांनी दिली, फक्त शांताकाकू उकळून पिऊन मोकळी. गुडघा हलका झाला म्हणते. एका दिवसात! हसू आवरेना. पण झाला असेल तर...

१३ फेब्रु.
डॉ.नी पण साल मोडून बघितली! बघतच राहिले म्हणे. पुडीवरचं नाव लिहून घेतलं, आईच्या बीपीच्या गोळीबरोबर चालते का विचारून गुरुवारी सांगणार. इन्शाल्ला.
आई म्हणाली, "काकू रोज विचारते, उरलंय का. मी डबा कपाटात घातला, कुलूप लावून. डॉक्टर हो म्हणाले तर आधी मी. मग आळी."
तीन वर्षं सामान पाठवतोय, एक साबण स्वतःला ठेवला नाही कधी या बाईनं.
मी म्हटलं, आई, परत बोल.
"काय?"
ते, आधी मी.