शैलीबद्दल आठ ओळी

ता. ३ जून

चि. धाकटीस दादाचे अ. उ. आ.

मी ठीक. कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो, यावरून काय ते समज.

आमच्या चित्रकार मंडळाचं प्रदर्शन आहे. प्रत्येकाने चित्रांशेजारी लावायला प्रेरणा आणि शैलीबद्दल आठ ओळी द्यायच्यात. आमचा पाट्या रंगवणारा लिहितो, त्याला ढगांकडून प्रेरणा मिळते. जन्मात त्याने मान वर केलेली मी पाहिली नाही! माझी पंचाईत वेगळी. तुझी वहिनी गेल्यापासून मी फक्त काळ्या-पांढऱ्यात रंगवतो आणि मंडळी त्याला रंगांचा त्याग म्हणून डोक्यावर घेताहेत.

खरं तुलाच सांगतो. मला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही. नळीवर नाव असतं, पण रंग मिसळले की सगळा चिखल. ती शेजारी स्टुलावर बसून सांगायची, अजून थोडा लाल, आता पुरे. चाळीस वर्षं लोकांनी माझ्या रंगांची वाहवा केली आणि ती गप्प राहिली. आता खरं लिहिलं तर जन्मभराचं नाव जाईल. त्यागावर आठ ओळी तूच लिहून दे.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझा
दादा

ता. ९ जून

ती. दादास धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

मला हे ठाऊक नव्हतं असं वाटलं तुला? मी सात वर्षांची असताना तू माझं चित्र काढलंस आणि गाल हिरवे केलेस. आईने विचारलं, पोरगी शेवाळली की काय! मी दोन दिवस रडले आणि तू शपथेवर सांगत होतास की गुलाबीच आहेत. लग्नानंतर तुझे रंग एकदम सुधारले, तेव्हाच मी ओळखलं. वहिनीला विचारलंही. ती म्हणाली, कुणाजवळ बोलू नकोस, ह्यांचा हिरमोड होईल.

खोट्या ओळी मी लिहिणार नाही. ती गप्प राहिली ती तुझ्यासाठी. तू राहिलास तर तो नुसता भित्रेपणा. हवं तर मी येते, महिनाभर स्टुलावर बसून रंग सांगते. इथे तरी माझ्यावाचून कोणाचं अडतंय? मुलांचे फोन दोन मिनिटांत आटोपतात.

बोलले ते पोटात घाल, माया आटू देऊ नकोस.

तुझी
धाकटी

ता. १७ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

खरं लिहून दिलं. आठ ओळी नाही, दोनच झाल्या. मला रंग कळत नाहीत. माझ्या बायकोला कळायचे. पाटीवाल्याने ते वाचलं आणि आपला ढगांचा कागद परत मागून घेतला.

ब्रश भिजवला की मी अजूनही विचारतो, हा कुठला गं? मग आपला काळा घेतो. तू जरूर ये. पण त्या स्टुलावर बसू नकोस, मी दुसरं आणून ठेवलंय.

प्रदर्शनात तिच्या वेळचं एक रंगीत चित्र लावायचंय. माझ्या सहीशेजारी तिची सही हवी म्हणून काल ब्रश घेऊन बसलो. ती सही कशी करायची, ते आठवेना. घर पालथं घातलं, तिच्या हातचा एक कागद सापडला नाही. तुला ती पत्रं लिहायची ना? येताना एक घेऊन ये. सहीपुरतंच हवंय म्हणतो, पण वाचल्याशिवाय राहवणार नाही.

लोभ बरोबर घेऊन लवकर निघ.

तुझा
दादा