उठलो तो मीच

२ नोव्हेंबर, रविवार
दिलसुखनगरला नयनाच्या घरी. उमेशसाठी मुलगी बघायला. आई, बाबा, तो, मी. आईने दोघांना एकाच कापडाचे शर्ट घालायला लावले, तिची जुनी सवय. नयना गेली दोन वर्षं सुलतान बाजारात आमच्या दुकानी साड्यांना फॉल लावून घ्यायला येते. आम्ही जुळे इतके सारखे की मामासुद्धा चुकतो. ती एकदाही चुकली नाही. मला वाटायचं, त्याला काही अर्थ असेल.
आज मला चहा देताना म्हणाली, "घ्या भाऊजी."
अजून काही ठरलंही नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
होकार आला. कारणही कळलं, तिच्या मावशीकडून. परवा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा उ.ने शाळेतली गोष्ट सांगितली. हेडसरांच्या खोलीची काच फुटली, सरांनी वर्गात येऊन विचारलं कोण, आणि हा भावाला वाचवायला उठून उभा राहिला. न केलेल्या गोष्टीचा मार खाल्ला. नयनाला भरून आलं म्हणे.
उठलो मी होतो. त्याच्यासाठी. मागे बाकाची कड पोटरीला लागलेली आठवते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
उ.ला विचारलं. दात घासत होता.
"वेडा झालास का? मी उठलो होतो. बाकाची कड लागली होती बघ मागून."
कड त्याला मी कधी सांगितली? सांगितली असेल. लहानपणी स्वप्नंसुद्धा सांगायचो एकमेकांना, मग कुठलं कुणाचं ते…
खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. तो खोटं बोलत नाहीये.
आणि तो खरा असेल तर काच फोडणारा मी. वर गप्प बसणारा.
आमच्या घरचा नियम: एकाला ताप आला की गोळी दोघांना. चूक एकाची, चापट दोघांना. फी मात्र एकाला. "एक शिकला की दोघं शिकले," बाबा म्हणाले. दहावीनंतर मी दुकानात. डिग्री त्याची, नोकरी त्याची. आता हेही द्यायचं?

९ नोव्हेंबर, रविवार
अंबरपेठला सलीमकडे गेलो. शाळेत आमच्या मागच्या बाकावर असायचा, आता फ्रिज दुरुस्त करतो. हात पुसत हसला.
"दोनों उठे ना मियाँ, एकदम. सर हँस दिए, फिर दोनोंकू मारे."
"और फोड़ा कौन?"
"वो तुम दोनोंकूच मालूम."
नाही मालूम. उठलेलं दोघांना आठवतं. फोडलेलं एकालाही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
नयना साखरपुड्याची साडी घेऊन आली. सलीमचं सांगून टाकलं. तो एकटा उठला नव्हता, एवढं तिला कळावं म्हणून. साडीची घडी नीट करत ऐकत होती.
"म्हणजे दोघंही एकमेकांना वाचवत होतात. मग काच कुणी फोडली, भाऊजी?"
आठवत नाही म्हणालो.
"दोघांपैकी एकाने तर फोडली असेल ना."
"फॉल रविवारी मिळेल," म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार
साडी न्यायला आली. तिने उ.लाही फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, "मी फोडली असेन. टाक माझ्या नावावर."
"आठवत नसताना अंगावर घेतलं. बघा कसे आहेत." सांगताना हसत होती. ते हसू मी दोन वर्षं पाहिलं नव्हतं.
म्हणजे तिच्या लेखी उठला तोच, आणि आता फोडलीही त्यानेच. मला गप्प बसणं तेवढं उरलं.
फॉलची शिलाई टोकापर्यंत तपासून दिली.
ती गेल्यापासून हातात दगड आठवतो आहे. उन्हाने तापलेला, एका बाजूने चपटा. मी फेकला. खरंच आठवतंय, की त्याने घेतलं म्हणून मलाही हवं झालंय?
तिला सांगावं का?
उ. आत्ता घरी आला. विचारणार होतो, दगड कसा होता. विचारलं नाही. चपटा म्हणाला तर?