कंटाळा कशाचा येतो, ते विचारा

बाई, तुम्ही आम्हाला लोट्याच्या केमिकल कारखान्यात नेलंत तेव्हा हेडमास्तरांना काय थाप मारली होतीत, ते मला परवा कळलं. आपल्या शाळेत गेले होते. जुने शिपाईकाका आता काठी टेकत येतात, पण शाळेत काही कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत हजर. तेच हसत हसत म्हणाले, "बाईंनी सांगितलं होतं, मुलांना परशुरामाच्या दर्शनाला नेते म्हणून. कारखान्याचं नाव काढलं असतं तर सोडलं असतं होय कोणी?" मग मला उलगडा झाला. परत येताना एस.टी. थांबवून तुम्ही आम्हाला घाईघाईने देवळात नेलंत, "दोन मिनिटं हात जोडा रे नीट, म्हणजे मी खोटी पडायची नाही," म्हणालात. आणि मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही देवभोळ्या! घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. एवढा खटाटोप तुम्ही का केलात? इतिहास-भूगोलाच्या बाई तुम्ही. दहावीनंतर आमचं काय व्हायचं ते होवो, तुमचा पगार काही त्यानं अडत नव्हता.

सुरुवात कशी झाली ते मला स्पष्ट आठवतं. ऐंशीच्या दशकातली आमची दहावी. जूनचा महिना, वर्गात ओल्या छत्र्यांचा वास. तुम्ही म्हणालात, एकेकाने उठायचं आणि पुढे काय करणार ते सांगायचं. पहिला उठला, म्हणाला, "मुंबईला जाणार." दुसरा, "मुंबईला." तिसऱ्याचे वडील जहाजावर, तो म्हणाला, "बोटीवर जाणार." माझी पाळी आली तेव्हा मी अगदी ठसक्यात सांगितलं, "मुंबईला, काकांकडे." तुम्ही खडू खाली ठेवलात. "काय गो, मुंबई हे गाव आहे की काम? उद्या विचारलं तुझे वडील काय करतात, तर दादर करतात म्हणून सांगशील?" वर्ग खदखदून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तुम्ही खरोखरच विचारलंत, "बरं, काय करतात वडील?" मी म्हटलं, "कंपनीत आहेत." "कंपनीत काय करतात?" आणि बाई, मला माहीत नव्हतं. वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. अर्ध्या वर्गाचे वडील कंपनीत, थोड्यांचे बोटीवर, कोणाचे कुवेतला, आणि ते तिथे दिवसभर हातांनी काय करतात याचा एकालाही पत्ता नाही! ज्याचे वडील जहाजावर होते त्याला बंदरांची नावं पाठ होती, पण बाप बोटीवर स्वयंपाक करतो की इंजिन बघतो, ते सांगता येईना. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि आमच्याकडे बघत राहिलात. तुम्हाला नवल वाटलेलं दिसत होतं. मग म्हणालात, "गणपतीला घरी येतील तेव्हा दोन गोष्टी विचारा. कामावर गेल्यावर पहिलं काय करता, आणि कंटाळा कशाचा येतो. पगार विचाराल तर याद राखा."

गणपतीत आमचे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील; आम्हाला वर्षातून दोनदा दिसायचे, गणपतीत आणि मे महिन्यात. मागच्या पडवीत नारळ सोलत बसलेले असताना मी धीर करून विचारलं. "काय करतो म्हणजे? कंपनीत जातो," असं म्हणून ते पुढचा नारळ घ्यायला वाकले. मी हटले नाही, कारण तुम्ही सोमवारी विचारणार होतात. "गेल्यावर पहिलं काय करता?" त्यांनी कोयता बाजूला ठेवला. साबणाची कंपनी होती. पट्ट्यावरून वड्या येतात, त्यांतली वाकडी दिसली की उचलून बाजूला टाकायची. त्यांनी हाताने करून दाखवलं, असं उचलायचं, असं टाकायचं, आणि करता करता मला एकदम वाटलं की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. मग मी तुमचा दुसरा प्रश्न विचारला. अण्णांनी कोयता पुन्हा उचलला. म्हणाले, "येतो. रोज येतो. पण तुझ्या आवशीला सांगू नकोस." सोमवारी मी वर्गात साबणाचं सांगितलं, हे नाही सांगितलं. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढच्या मुलाला उठवलंत. तुम्हाला कळलं होतं का? मला आजही हे जाणून घ्यायचंय.

मग तुमचे शनिवार सुरू झाले. सकाळची शाळा सुटली की जे येतील त्यांना घेऊन तुम्ही निघायचात. बंदरावरचा बर्फाचा कारखाना, एस.टी.चं वर्कशॉप, सिव्हिल हॉस्पिटलची रक्त तपासायची खोली. दरवर्षी एक साहेब शाळेत येऊन भिंतीवर मोठा तक्ता लावायचे. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, आय.टी.आय., पॉलिटेक्निक, बाणच बाण. त्यांचं भाषण चाललेलं असताना तुम्ही मागच्या बाकावर बसून चक्क डुलक्या काढायचात. पण बर्फाच्या कारखान्यात तुमचे डोळे टक्क उघडे! तिथे मी शहाणपणाने त्या कामगाराला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" तुम्ही मला दंडाला धरून बाजूला घेतलंत. "तो काय तुला बघायला आलाय? शिक्षण कसलं विचारतेस! कंटाळा कशाचा येतो ते विचार." तो म्हणाला, थंडीचा नाही येत, आवाजाचा येतो, घरी गेलो तरी कानात यंत्र चालूच असतं. तुम्ही मान हलवत राहिलात. "बघा, हे त्या तक्त्यावर आहे का कुठे?"

लोट्याच्या सहलीला आईने मला पाठवलं ते वाटेत परशुरामाचं देऊळ आहे म्हणूनच. साध्या लाल गाडीने निघालो, सावर्ड्याला तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात, घाटात एकाला उलटी झाली, आणि उतरलो तोच तो वास नाकात शिरला, कुजक्या अंड्यासारखा. तुमच्या कोणा जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने आत सोडलं. प्रयोगशाळेत एका केमिस्टनी काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडून दाखवलं. पाण्यासारखं दिसणारं ते एका थेंबाने गुलाबी होतं, आणि तिथेच थांबायचं असतं. तुम्ही म्हणालात, "मी करू?" तुमचा थेंब जास्त पडला, सगळं भडक झालं. "परत द्या," म्हणालात. पुन्हा चुकलात. केमिस्ट बिचारे संकोचून उभे, आम्ही तोंडावर हात धरून हसतोय, आणि तुम्ही पदर खोचून तिसऱ्यांदा! तुमचं वय तेव्हा आजच्या माझ्याहून कमी असणार. मला तर तुम्ही म्हाताऱ्या वाटायचात.

परीक्षा झाली, मे लागला आणि माझं सगळं ठरून गेलं होतं. मुंबईला काकांच्या खोलीवर राहायचं, संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जायचं, मग काका कुठल्यातरी ऑफिसात चिकटवतील. दिवसा काकूला मदत. त्या खोलीत जेवणारी माणसं किती ते मी एका सुट्टीत बघितलं होतं. दोन पंगती उठायच्या, आणि काकू मोरीतून बाहेर यायचीच नाही. मला कॉलेजात सायन्सला जायचं होतं. पण हे घरात कोणाला म्हणायचं? मी ते तुम्हाला निकालाच्या आधी रस्त्यात सांगितलं आणि रडले. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. मला तुमचा इतका राग आला होता, बाई!

आणि दोन दिवसांनी भरदुपारी तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. आई कोकमांसाठी रातांबे फोडत बसलेली, हात मनगटापर्यंत लाल. उठायला लागली तर तुम्ही तिला खाली बसवलंत, स्वतः पाट ओढलात आणि फोडायला लागलात. मी चहा टाकला. कान तुमच्याकडे. आता बोलतील, मग बोलतील; छे! यंदा फळ कसं आहे, मीठ किती लावता, ऊन किती दिवस द्यायचं, हेच चाललेलं. शेवटी आईच म्हणाली, "बाई, काय काम काढलात?"

"हिला मुंबईला पाठवताय असं ऐकलं."

"होय. तिची काकू एकटी पडते. हिची मदत होयल. आणि टायपिंग पण शिकंल."

"कधी शिकेल?"

"संध्याकाळची."

"संध्याकाळी तिथे भाकऱ्या कोण थापणार?"

 आईने हातातला रातांबा खाली ठेवला आणि अगदी सहज, जशी बाजारात भाव विचारायची तशी, तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी विचारलं होतं? काय शिकायचं ता?"

बाई, आमच्या शनिवारच्या टोळीत सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. तुम्हाला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या आईच्या आलं. तुम्ही हातातलं फळ फोडलंत. म्हणालात, "नाही हो. वडील म्हणाले मास्तरीण हो, झाले."

"मग काय वायट झाला?"

"वाईट नाही झालं. मुलं आवडतात मला. पण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला अजून कळत नाही. कधीकधी शोधत बसते."

 आई म्हणाली, "हिच्या बापसाक पण कंटाळा येतो तिथं. मला सांगत नाय. पण मला कळतो." आणि माझ्याकडे वळली, "काय गो? तुला काय पायजे?"

मी हातातली बशी खाली ठेवली. जन्मात पहिल्यांदा तो प्रश्न मला कोणी विचारला होता, आणि तोही आईने. मी म्हटलं, "सायन्सला जायचंय. मग लोट्याला होतं तसल्या प्रयोगशाळेत काम करायचंय."

"कशाला?"

"तो रंग बदलतो ना, ते बघायला आवडतं मला."

आई हसली. आपले लाल हात पुढे धरून म्हणाली, "रंग काय, हयसर, हातावर पण बदलतो!" तुम्हीही हसलात. पण त्या रात्री अण्णा मुंबईहून आले आणि सकाळी चहाबरोबर तिने त्यांना सांगून टाकलं, ही कॉलेजात जाणार, काकांना कळवा. अण्णांनी वाद घातला नाही. मला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, "कंटाळा आला तर?" मी म्हटलं, "आला तर तुम्हाला सांगेन." त्यांना ते पटलेलं दिसलं. पुढे नोकरी लागल्यावर मी खरंच सांगायची. लोट्याच्या कंपनीच्या बसमध्ये अर्धं आयुष्य गेलं माझं, कंटाळाही पुष्कळ आला. सुट्टीत आम्ही बाप-लेक पडवीत बसून एकमेकांचा कंटाळा सांगायचो. ते आमचे सगळ्यात चांगले दिवस.

तुम्ही मात्र मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गेलात. मला नोकरी लागलेली तुम्हाला कळलंच नाही. एक पेढाही देता आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

परवा शाळेने मला बोलावलं होतं ते दहावीच्या मुलांना मार्गदर्शन करायला. तुमचे दोन प्रश्न मी त्यांना दिले. मुलांनी मोबाइलवरून बापांना तिथल्या तिथे फोन लावले, आणि काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! तुम्ही हव्या होतात. शेवटी एका मुलीने मला विचारलं, मॅडम, तुम्ही हेच काम का निवडलंत? मी माइकवर सांगितलं, मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड होती. टाळ्या पडल्या. शिपाईकाकांनीही वाजवल्या. तुम्ही तिथे असतात तर दंडाला धरून मला बाजूला घेतलं असतंत.

हे कागद कुठे जायचे नाहीत, म्हणून तुम्हाला खरं सांगते. लोट्याला तुम्ही तिसऱ्यांदा थेंब सोडत होतात ना, तेव्हा मी तुमच्याकडे बघतच नव्हते. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तिशीची एक बाई पांढरा कोट काढून टेबलाशी बसली होती, समोर डबा. दोन पुरुष दारात येऊन काही विचारायला लागले. तिने मान वर केली, म्हणाली, "जेवतेय. नंतर या." आणि ते गेले. ती पुन्हा जेवायला लागली, सावकाश, खिडकीतून बाहेर बघत. मला रंगबिंग काही नको होता, बाई. मला ते हवं होतं. त्या दुपारी आईने "कशाला?" म्हणून विचारलं तेव्हा हे उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला कसं सांगणार? आमची सगळ्यांची जेवणं होऊन भांडीही घासून झाली होती, आणि ती अजून जेवायची होती.